दोनशे चौदाचे दोन बिल्ले

साडीवरची जर आणि पितळेचं नाणं, दोन्हींचा फोटो काढताना अडचण एकच येते. चमक. कॅमेऱ्याला वस्तू दिसतच नाही. दिवा दिसतो, छत दिसतं, फोटो काढणारीची बोटं दिसतात. मी पोटासाठी साड्यांचे फोटो काढते. रिंग रोडवरच्या एका मार्केटात, खिडकी नसलेल्या दुकानात, दिवसभर साड्या माझ्यासमोरून जातात. जरीची चमक कशी दाबायची, दिव्यापुढे अस्तराचं पांढरं कापड कसं ताणायचं, हे मी तिथेच शिकले. म्हणून शेठच्या ओळखीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला आपल्या नाण्यांचे ‘फिरणारे फोटो’ हवे होते, तेव्हा शेठने मलाच पाठवलं. सुट्टीच्या दिवशी जायचं, दुपारभर काम करायचं.

ते काका तापीपलीकडच्या एका सोसायटीत एकटे राहत. मूळचे महाराष्ट्रातले, पण सारी नोकरी सुरतेत झाल्यामुळे बोलण्यात ‘बेटा’ आणि ‘चालशे’ मुरलेलं. कपाटात मखमल लावलेले ट्रे होते. सुरतेच्या जुन्या टांकसाळीचे चांदीचे रुपये, कंपनी सरकारचे पैसे, संस्थानांचे जाड, वेडेवाकडे ढब्बू. हे सगळं त्यांना देशभरातल्या जमवणाऱ्यांना दाखवायचं होतं, पण प्रदर्शनात न्यायची धास्ती वाटायची. एकदा कोणीतरी बघता बघता एक रुपया लांबवला होता.

“आता असं करायचं,” त्यांनी पहिल्या दिवशी समजावलं. “नाणं इथे ट्रेमध्ये. माणूस तिकडे कोलकात्यात. तो मोबाईलवर बोटाने नाणं फिरवणार. पुढून, मागून, कडेवरून, हवं तसं. हात मात्र लावायचा नाही.”

“म्हणजे मालकी तुमची आणि दर्शन सगळ्यांना,” मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “वडील युनियनमध्ये होते काय गं?”

“होते.”

“चालशे. फोटो चांगले काढ म्हणजे झालं.”

वडील युनियनमध्ये होते, एवढ्यावर ते भागत नाही. बमरोलीच्या आमच्या खोलीत पुस्तक एकही नव्हतं. पत्रकं मात्र ढीगभर होती, मराठी, हिंदी, उडिया. आबा ती डब्याच्या पिशवीत भाकरीच्या खाली घालून मिलमध्ये नेत. उरलेली घरी येत. त्यांवर माय पापड वाळवायची, कपाटाच्या फळीला ती अंथरलेली असायची आणि मी त्यांवरच अक्षरं शिकले. ‘अ’ अननसाचा असतो हे मला शाळेत कळलं. घरी तो ‘अन्याया’चा होता. मला बोलताना आवाज चढवायची सवय आहे, ती तिथली. खोटं दिसलं की गप्प बसायचं नाही, हेही तिथलंच. हा शेवटचा धडा मी आबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला होता की तो मला माझाच वाटायचा.

त्या सगळ्या पत्रकांत एक पत्रक आमच्या घरचं होतं. माझ्या मामाचं.

मी दुसरीत असताना मामा वारला. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. आखाजीला खानदेशातलं प्रत्येक माणूस गावी जायला बघतं; आबा एकटेच गेले होते, आजी आजारी म्हणून. ते परत आले त्याच दिवशी मामा पांडेसराच्या एका कापड रंगवणाऱ्या मिलच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला मेलेला सापडला. ती आबांचीच मिल. अंगावर जखम नव्हती. कपड्यांना दारूचा वास होता. मरणाच्या दाखल्यावर ठिकाण म्हणून ‘रस्ता’ लिहिलं गेलं. दारूबंदीच्या राज्यात दारू पिऊन रस्त्यावर मेलेल्या माणसासाठी कोणी फार चौकशी करत नाही, आणि त्याच्या बायकोला कोणी फार सांभाळूनही घेत नाही.

आबांनी पत्रक काढलं. ‘मिलच्या घाण पाण्याच्या टाकीत माणूस गुदमरून मेला, मिलने त्याला रस्त्यावर टाकला, वर दारू शिंपडली.’ मिलचं उत्तर एका ओळीचं होतं: या नावाचा माणूस आमच्या पटावर कधीच नव्हता, असेल तर त्याचा नंबर दाखवा. पत्रकात नंबर नव्हता. पंधरा दिवस लोक तावातावाने बोलले, मग थांबले.

मामी थांबली नाही. ती आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते, साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणते. ते पत्रक तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या आत ठेवलं आहे. नळावर भांडण पेटलं की समोरची बाई शेवटी तिथेच यायची: “पीसन रस्तावर मरना, आनि बायको सांगस मिलमा मरना!” मामीला ना मिलकडून काही हवं होतं, ना सरकारकडून. दाखल्यावरचा ‘रस्ता’ खोडून तिथे ‘मिल’ असं कोणीतरी म्हणावं, एवढंच. लिहिता नाही आलं तर तोंडाने तरी. इतकी वर्षं ती आबांकडे हेच मागत आली, आणि आबा दर वेळी म्हणत, “पुरावा पाहिजे, वहिनी.”

काकांकडे मी पाच-सहा सुट्ट्या नाण्यांत घालवल्या. लहानशी फिरती थाळी, तिच्यावर नाणं, भोवती अस्तराचा तंबू. थाळी जराशी फिरवायची, फोटो काढायचा, पुन्हा जराशी. एका बाजूचे सत्तर-ऐंशी फोटो. मग नाणं उलटायचं. संगणक ते सगळे फोटो एकमेकांना जुळवतो आणि त्यातून नाण्याचा आकार उभा करतो. पहिल्यांदा स्वतःची नाणी पडद्यावर गरगरताना बघून काका लहान मुलासारखे हसले. नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकल्यावर लोकांच्या प्रतिक्रिया ते मला मोठ्याने वाचून दाखवत.

यातली खरी गंमत मला पुढे सापडली. पडद्यावर उभ्या राहिलेल्या नाण्याचा रंग काढून टाकता येतो. चांदी, पितळ, गंज, डाग, चमक, सगळं जातं आणि फक्त आकार राहतो, राखाडी, मातीचा केल्यासारखा. मग दिवा आपल्या हातात. बोटाने तो कडेला नेला की डोळ्याला न दिसणारा ओरखडासुद्धा सावली टाकतो. शिवाय खोली वाढवता येते. केसाएवढी खोल रेघ दहापट केली की ती नांगरटीसारखी दिसते. झिजून सपाट झालेल्या एका पैशावरची अक्षरं मी अशी वाचून दाखवली, तेव्हा काकांनी मला दोन्ही हात जोडले.

त्याच आठवड्यात त्यांनी पत्र्याचा एक डबा माझ्यासमोर ठेवला.

“ही नाणी नाहीत. टोकनं आहेत. पांडेसराची एक मिल बंद पडली, तिच्या भंगारात होती. भंगारवाला वजनावर देत होता, मी सगळी उचलली. हल्ली यांचेही शौकीन आहेत.”

मी झाकण उघडलं. “काका, यांना टोकन नाही म्हणत. बिल्ला म्हणतात.”

“तू ओळखतेस?”

ओळखते म्हणजे काय! मी त्यांना सांगितलं. बिल्ला कामगाराच्या घरी असतो. मिलच्या फाटकात शिरताना तो पेटीत टाकायचा. कारकून पेटीतले नंबर बघून हजेरी मांडतो. सुट्टी झाली की आपापला बिल्ला उचलून बाहेर पडायचं. पेटीत जितके बिल्ले, तितकी माणसं आत.

“आणि तोंड कोण बघतं?”

“तोंड कोणी बघत नाही.”

“वा,” काका म्हणाले. “आमच्या बँकेत सही तरी बघायचे.”

बिल्ल्यांवर त्या मिलची दोन अक्षरं होती. आबांची मिल. मला छान वाटलं, खरं सांगते. वाटलं, आबांना दाखवू. काकांनी वहीत प्रत्येकाची नोंद केली होती. एका बिल्ल्यापुढे लिहिलं होतं: ‘कोरा. नंबर न घातलेला. दुर्मीळ.’ तो मी मुद्दाम आधी घेतला. त्याच्या पाठीवर मधोमध चार उभे ओरखडे होते, खिळ्याने मारल्यासारखे. दर्शनी बाजूला दोन अक्षरांखाली गुळगुळीत जागा.

फोटो जुळवून झाले. मी रंग काढला, दिवा कडेला नेला. गुळगुळीत जागा गुळगुळीत नव्हती. तिच्यावर बारीक समांतर रेघा होत्या, कानशीच्या. मी खोली दहापट केली, मग वीसपट. रेघांच्या खालून, पाण्याच्या तळाशी पडलेल्या वस्तूसारखे तीन आकडे वर आले. दोन. एक. चार.

दोनशे चौदा आबांचा नंबर. तो माझ्या शाळेच्या डब्यावरही लाल नेलपॉलिशने लिहिलेला होता, कारण डबा आधी आबांचा होता. मला पहिल्यांदा वाटलं की माझंच काहीतरी चुकतंय, डोक्यात नंबर बसलाय म्हणून दिसतोय. मी काकांना हाक मारली.

“काका, इथे काही दिसतं का बघा. मी काही सांगत नाही.”

ते वाकले. “दोनशे चौदा. अरे वा! म्हणजे कोरा नाही. कोणीतरी घासून काढलाय.” मग वही ओढून त्यांनी खुशीत नोंद बदलली. “कोऱ्यापेक्षा हा भारी, बेटा.”

मला खुशी झाली नाही, कारण दोनशे चौदा नंबरचा बिल्ला आमच्या घरी होता. मिल बंद पडली तेव्हा आबांनी तो स्वतःजवळ ठेवून घेतला होता आणि त्याला खोलीची किल्ली अडकवली होती. त्या दिवशी ती किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढली आणि दोन्ही बिल्ले शेजारी ठेवले. माझ्याकडच्याची अक्षरं वेगळ्या ठशाची, धारदार होती. म्हणजे नंतर बनवलेला.

आबा आता सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या घड्या घालण्याचं काम करतात. त्या रात्री ते घरी जेवत होते. मी लॅपटॉप त्यांच्या ताटासमोर ठेवला, बाजूला किल्ली ठेवली. माझ्या डोक्यात अजून मिलबद्दलचा संताप होता. वाटत होतं, आबा उठून उभे राहतील, म्हणतील, मिळाला शेवटी पुरावा.

पडद्यावरचा राखाडी बिल्ला त्यांनी बराच वेळ पाहिला. हात उष्टा होता, तो तसाच वाळला.

“हाऊ तुले कोठे सापडना?”

“भंगारात. आबा, तुमचा बिल्ला हरवला होता ना? गावी? म्हणून नवीन घेतला ना?”

“मागनी बाजू दखाड.”

मी बिल्ला फिरवला. चार रेघा दिसल्यावर त्यांनी मान खाली घातली. रेघा मामाच्या होत्या, ते म्हणाले. एक पाळी भरली की घरी येऊन खिळ्याने एक रेघ मारायची. बदलीवर जाणारे असंच करतात, मूळ माणूस परत आल्यावर किती पाळ्या भरल्या ते दाखवायला.

बदली. हा शब्द मी शंभर पत्रकांत वाचला होता आणि आमच्या घरात शोधला नव्हता. मिल आखाजीला रजा देत नव्हती. गेला त्याची जागा गेली. म्हणून प्रत्येक जण आपला बिल्ला मेव्हण्याला, भावाला, शेजाऱ्याला देऊन गावी जायचा. नंबर हजर असला की झालं. मामाचं लूमचं काम सुटलं होतं, तो घरीच होता. आबांनी त्याला आपला बिल्ला दिला. बदलीवर आलेल्याला नेहमी नको असलेलं काम देतात. चार दिवस त्याने गाठोडी उचलली. पाचव्या दिवशी त्याला टाकी साफ करायला उतरवलं.

आबा त्याच सकाळी पॅसेंजरने उधन्याला उतरले. घरी न येता पिशवीसकट सरळ मिलवर गेले, मामाला बदलीतून सोडवायला. फाटकात धावपळ होती. पाळी मोडून सगळ्यांना बाहेर काढलं होतं, बिल्ले वाटले होते आणि पेटीत एकच उरला होता. कारकुनाने आबांना पाहिलं आणि दंडाला धरून केबिनमध्ये नेलं. त्याचं वाक्य आबांनी मला त्याच्याच हिंदीत सांगितलं, एकदा नाही, दोनदा: “दो सौ चौदह तो तू है ना? तू तो मेरे सामने खड़ा है। तो टाकी में कौन था?”

मग त्याने समजावलं. बिल्ला तुझा, म्हणजे माणूस तू पाठवलास. फसवणूक तुझी, मरणही तुझ्या माथी. नाहीतर तुझा बिल्ला गावी हरवला, आणि तो माणूस कोण ते कोणालाच माहीत नाही. त्याने टेबलावर कानस ठेवली.

“आणि तुम्ही घासला,” मी म्हटलं.

“पितळ नरम ऱ्हास,” आबा म्हणाले. पितळ मऊ असतं.

तो बिल्ला कारकुनाने ड्रॉवरमध्ये टाकला. फेकला नाही. मिल बंद पडेपर्यंत तो तिथेच असणार, हे आबांना माहीत होतं. रोज त्या ड्रॉवरसमोरून ते आत गेले आणि त्याच्यासमोरून बाहेर आले.

मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माय तीन वर्षांपूर्वी वारली, स्वतःच्या भावाचं खरं न कळता वारली, हेही मी त्यांच्या तोंडावर मारलं. “मग पत्रक कशाला काढलंत? कोणत्या तोंडाने?” ताटातला हात उचलून ते मोरीवर गेले. तिथूनच म्हणाले, “मामीले मी सांगसू. तू नको सांगू. मी सांगसू.”

मी त्यांना वेळ दिला. एक आठवडा, दोन, चार. ते मामीकडे जात, चहा पीत, पाण्याच्या टाकीचं, गॅसच्या नंबराचं बोलत आणि परत येत. पाचव्या आठवड्यात मी स्वतः उठले. फोनमध्ये बिल्ला घेतला. वाटेत वाक्यं जुळवत गेले. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बापाचं असो की मालकाचं, खोटं ते खोटं.

मामी साडी मांडीवर ताणून खडे चिकटवत होती. बोटांना गोंद होता, म्हणून तिने फोन बोटाच्या पेराने फिरवला. मी रंग काढून दाखवला, दिवा सरकवला. तीन आकडे वर आले. पाठीवरच्या रेघा तिने लगेच ओळखल्या. त्या रेघा मारताना ती शेजारी बसलेली असायची. मामा आबांच्या बिल्ल्यावर जात होता हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. पण तो नंबर बोलायचा नाही, सगळ्यांच्या बदल्या उघड होतील, असं आबांनी तिला सांगितलं होतं आणि तिने ते इतकी वर्षं पाळलं होतं. घासलेलं मात्र ती पहिल्यांदा बघत होती.

“हाऊ कोनी घासा?”

प्रश्न साधा होता. उत्तर मी गल्लीभर घोकत आले होते.

“मिलने,” मी म्हटलं.

का म्हटलं, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. आबांचा वाळलेला हात आठवला, असं म्हणता येईल. तिचा चेहरा पाहून जीभ वळली नाही, असंही. खरं एवढंच की तो शब्द तयार होता. लहानपणापासून माझ्या तोंडात तोच शब्द तयार होता.

मामीने साडी बाजूला सारली. इतक्या वर्षांत मी तिला काम अर्धं सोडून उठताना पाहिलं नव्हतं. “मंग लिख,” ती म्हणाली. “मोठला अक्षरमा लिख. नंबर बी लिख. आते कोनले बदलीनी भीती शे? मिलच ऱ्हायनी नही.”

मी लिहिलं. मधोमध राखाडी बिल्ल्याचं चित्र, वर ठळक ओळ: ‘मिलने नंबर घासला, माणूस पुसला नाही.’ चांगलं पत्रक होतं. छापायच्या आधी मी ते आबांसमोर टाकलं. चूक दाखवा, असं मला म्हणायचं होतं, आणि ते कोणत्या चुकीबद्दल आहे ते त्यांना कळावं असं वाटत होतं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग पेन घेऊन एक दुरुस्ती केली. ‘पूरावा’ मधला ‘पू’ ऱ्हस्व केला आणि कागद मला परत दिला.

पत्रक बमरोलीत वाटलं गेलं, भेस्तानपर्यंत पोचलं. लोक पत्रकावरच्या कोडवरून फोनवर बिल्ला उघडून फिरवायचे, पोरं आकडे दिसले की ओरडायची. नळावरच्या त्या बाईने पत्रक वाचून मामीला म्हटलं, “आम्हले काय माहीत, बाई. जे ऐकं ते बोलनूत.” मामीने हे मला तीनदा सांगितलं.

मग मी काकांकडे गेले. माझी मागणी साधी होती: ग्रुपवर त्या बिल्ल्याखाली सगळं लिहा, आणि बिल्ला मला द्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी इथेही ‘मिलने’च म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते.

“बेटा, तो गेला. कोलकात्याच्या माणसाने तुझा तो फिरणारा फोटो बघूनच मागितला. शब्द दिला होता, मागच्या आठवड्यात पाठवला. तू आधी बोलली असतीस तर...” मग म्हणाले, “आणि खाली लिहायचं म्हणशील तर, घासलेला आहे एवढं लिहीन. कोणी घासला ते नाही. सही कोणाची ते माहीत नसताना मी कधी शेरा मारला नाही.”

मला ती सही माहीत होती. मी उठले. आता बिल्ला कोलकात्यातल्या कोणाच्या तरी कपाटात मखमलीवर आहे. आमच्याकडे फिरणारा फोटो आहे. एका वकिलाला तो दाखवला, तर तो म्हणाला, छान आहे, पण वस्तू कुठे आहे?

हे सगळं मामीला सांगायचं राहिलं होतं, तेवढ्यात तीच आमच्याकडे आली. भर दुपारी, नवं लुगडं नेसून, हातात डबा. खापरावरचे मांडे केले होते. आमच्या वस्तीत खापर दोन-तीन घरांतच आहे. तिने ते मागून आणलं असणार. आबा भिंतीला टेकून बसले होते. तिने डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

“तुम्ही पहिलं पत्रक काढं नसतं ना भाऊ,” ती म्हणाली, “ते आज मन्हं कोनी ऐकं नसतं. सगळा उलटनात, तुम्ही एकला उभा ऱ्हायनात.” आणि ती त्यांच्या पाया पडायला वाकली.

आबांनी पाय मागे ओढले. इतक्या जोरात की डबा कलंडला.

“वहिनी, तो बिल्ला मी घासा.”

मामी वाकलेलीच राहिली. मग तिथेच खाली बसली. आबा बोलत गेले. उधना, फाटक, केबिन, कानस. मला जे सांगायला त्यांना वाळलेला हात घेऊन बसावं लागलं होतं, ते तिला त्यांनी सरळ, एका दमात सांगितलं. मी दाराशी उभी होते. मामीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, हे तिला त्या एका नजरेत समजलं.

ती रडली नाही. आबांचं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, “तुम्ही घासत व्हतात, तवय पोरना मामा टाकीमा व्हता का भाईर?”

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती त्याला नेहमी असंच म्हणते, ‘पोरना मामा’. पोर म्हणजे मी.

“टाकीमा,” आबा म्हणाले.

“जित्ता व्हता?”

आबांनी पाय आणखी जवळ घेतले.

“माले मालूम नही. मी देखाले गऊ नही.”

मामीने डबा सरळ केला, झाकण दाबून बसवलं आणि तो उचलून ती उठली. माझ्या बाजूने बाहेर जाताना थांबली.

“हाई बी लिख,” ती म्हणाली.

त्याला आता चार महिने झाले. ती आमच्याकडे आलेली नाही, आणि मी गेले तेव्हा तिने खड्यांवरून मान वर केली नाही. आबा पत्रकं आणत नाहीत. हे लिहून झाल्यावर मी ते त्यांच्यासमोर ठेवलं होतं. त्यांनी वाचलं. या वेळी त्यांनी पेन मागितला नाही.